जुन्या रायफलीचा दस्ता

जुनी वस्तु हातीं आली कीं ती लखलखीत करून टाकावी असें वाटतें. परंतु जुनें राखणें आणि जुन्याचें नवें करणें ह्यांत फार अंतर आहे. तें समजण्यासाठीं नेमबाजी शिकविण्याच्या जुन्या .२२ इंची रायफलीचा लांकडी दस्ता उदाहरणादाखल घेऊं.

ह्या रायफलीच्या काडतुसांत पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यभागीं नसून कडेच्या आंत असतो. कडेवर आघात झाला म्हणजे तें उडतें. धक्का व आवाज थोडा, म्हणून नवशिक्यांस तें सोयीचें. ब्रिटिश सैन्यानें .३०३ ली-एनफील्ड रायफलीवरून ‘नंबर २ मार्क ४’ ही .२२ ची रायफल शिक्षणासाठींच तयार केली होती. आपल्याकडे १९४८ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेंतही .२२ च्या रायफलीवर नेमबाजीचे धडे दिले जात आले आहेत. त्या ब्रिटिश रायफलींचे दस्ते बहुधा अक्रोडाचे असत व त्यांस जवसाचें कच्चें तेल देत.

प्रथम परवानाधारक जाणत्या माणसानें रायफल रिकामी असल्याची खात्री करून दस्ता लोखंडापासून वेगळा करावा. विद्यार्थ्यानें लांकडासच हात लावावा. टर्पेंटाईनमध्यें किंचित् भिजविलेल्या फडक्यानें मळ पुसावा. वरचा काळा थर पुष्कळदां जुन्या तेलाचा व धुळीचाच असतो. खळग्यावर ओलें फडकें ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. वाफेनें दबलेले तंतु फुगून वर येतात. तंतु तुटले असतील तर खळगा भरत नाहीं. तो तसाच राहूं द्यावा.

काचकागद मात्र दूर ठेवावा. दस्त्यावर कारखान्याचे व तपासनिसांचे ठसे असतात. रायफलीच्या इतिहासाचा तो पुरावा थोड्याशा घासण्यानें नाहींसा होतो. शिवाय लोखंडाशीं समपातळींत बसविलेलें लांकूड झिजून सांधा उघडा पडतो. तेल पुन्हां देतां येतें. खरवडलेलें लांकूड परत येत नाहीं.

आतां तेलाविषयीं. विदर्भांत ज्या जवसाची चटणी करतात, त्याचेंच हें तेल. खोबरेल हवेंत वाळत नाहीं; जवसाचें तेल मात्र हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतें व त्याचा पातळ पापुद्रा बनतो. म्हणून थोडे थेंब घेऊन लांकूड ऊन लागेपर्यंत तळहातानें चोळावें, अर्ध्या तासानें उरलेलें तेल पुसून काढावें, आणि पहिला हात पुरता वाळल्यावर, कांहीं दिवसांनीं, दुसरा द्यावा. घाईनें दिलेला जाड थर चिकट राहतो.

पालकांनीं एका गोष्टीकडे स्वतः लक्ष द्यावें. प्राणवायु घेतांना ह्या तेलांत उष्णता उत्पन्न होते. तेलकट चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकला तर ती आंत कोंडते आणि काडी न लावतां चिंध्या पेट घेतात. यास्तव चिंध्या लगेच पाण्यांत बुडवाव्या व नंतर बाहेर मोकळ्या जागीं एकेरी पसरून वाळवाव्या.

काम संपल्यावर दस्ता नवा दिसणार नाहीं. तो स्वच्छ झाला, लांकडाच्या रेषा उठून दिसूं लागल्या आणि ठसे जागच्या जागीं राहिले, म्हणजे काम नीट झालें असें समजावें.