साहित्यसिद्धान्तांच्या संकलनग्रंथाची निवड : पूर्वपक्षाचा निकष

पदव्युत्तर मराठीच्या वर्गासाठी साहित्यसिद्धान्तांचा संकलनग्रंथ नेमताना उपलब्धता, किंमत आणि परीक्षेची सोय या गोष्टींचाच बहुधा विचार होतो. वस्तुतः ही निवड हा एक समीक्षात्मक निर्णय असतो. कोणाचे लेखन घ्यावे, त्यातील कोणता भाग गाळावा, कोणते दोन लेख शेजारी ठेवावेत, यावरून विद्यार्थ्याच्या मनातील ‘सिद्धान्त’ या संकल्पनेचा आकार ठरत जातो. प्रस्तुत लेखात या निवडीचा एक निकष मांडून त्याआधारे काही परिचित संकलनांचा विचार करावयाचा आहे.

१. रचनेची तत्त्वे

संकलनांची रचना सामान्यतः कालानुक्रमाने, संप्रदायवार किंवा प्रश्नांनुसार केलेली आढळते. हॅझर्ड ॲडम्स यांचे ‘क्रिटिकल थिअरी सिन्स प्लेटो’ (१९७१) कालानुक्रम स्वीकारते. रिव्हकिन आणि रायन यांचे ‘लिटररी थिअरी : ॲन अँथॉलॉजी’ (१९९८) संप्रदायवार विभागलेले आहे. डेव्हिड लॉज यांनी आपल्या १९७२ आणि १९८८ च्या दोन्ही संकलनांत कालक्रमाच्या जोडीला विषयवार अनुक्रमणिकाही दिली.

यांपैकी संप्रदायवार रचना अध्यापनास सर्वांत सोयीची वाटते. धोकाही तिच्यातच अधिक आहे. संरचनावाद, स्त्रीवाद, उत्तरवसाहतवाद अशी दालने पाडली की प्रत्येक दालन स्वयंपूर्ण भासू लागते. विद्यार्थी एका दालनातील परिभाषा उचलतो आणि एखाद्या कादंबरीला ती लावून ‘उपयोजन’ झाले असे मानतो. हा सिद्धान्त कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे आला, कोणत्या मताला त्याने विरोध केला, हे त्याच्यापुढे येतच नाही.

२. पूर्वपक्षाचे महत्त्व

आपल्या शास्त्रपरंपरेत सिद्धान्त हा पूर्वपक्षावाचून उभा राहत नाही. भरतांच्या रससूत्रावरील चर्चा हे याचे ठळक उदाहरण होय. ‘अभिनवभारती’मध्ये भट्टलोल्लट, श्रीशंकुक आणि भट्टनायक यांची मते क्रमाने मांडून, त्यांचे परीक्षण करून मगच अभिनवगुप्त स्वतःच्या भूमिकेकडे येतात. शंकुकांचा अनुमितिवाद कळल्याखेरीज अभिव्यक्तिवादाची गरज कळत नाही.

परंतु या उदाहरणाला दुसरीही बाजू आहे. भट्टनायकांचा ‘हृदयदर्पण’ हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचे मत आपल्याला मुख्यतः त्यांच्या प्रतिपक्षाने केलेल्या मांडणीतून माहीत आहे. त्यांच्या बाबतीत हा आपला नाइलाज आहे. मिशेल फूको किंवा मर्ढेकर यांच्या बाबतीत तो नाही. तरीही मूळ लेख उपलब्ध असताना केवळ सारांशग्रंथांवरून प्रबंधांतील सैद्धान्तिक प्रकरणे लिहिली जातात. म्हणून संकलनाचा पहिला निकष असा सुचवावासा वाटतो : वादातील दोन्ही पक्ष त्यांच्या स्वतःच्या शब्दांत, युक्तिवाद तुटणार नाही इतक्या सलगपणे दिलेले आहेत काय?

३. एक कसोटी : लेखकाचा प्रश्न

हा निकष एका उदाहरणाने तपासून पाहता येईल. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांच्या १९४६ च्या लेखात लेखकाचा हेतू हा कलाकृतीच्या यशापयशाचे मोजमाप होऊ शकत नाही, अशी भूमिका आहे. रोलाँ बार्त यांचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा लेख १९६७ मध्ये प्रथम इंग्रजीत आला. त्यात लेखन सुरू होताच भाषाच बोलू लागते आणि संहितेची एकता वाचकाच्या ठिकाणी सिद्ध होते, असे प्रतिपादन आहे. फूको १९६९ मध्ये याच्याही पुढे जातात. लेखक नाहीसा झाला अशी घोषणा पुरेशी नाही. लेखकाचे नाव समाजातील लेखनव्यवहारात कोणते कार्य करते हे तपासले पाहिजे, असे ते सुचवतात.

पहिला प्रश्न मूल्यमापनाचा, दुसरा भाषेचा, तिसरा ज्ञानव्यवस्थेचा आहे. टिपणवहीत मात्र तिन्ही ‘लेखक महत्त्वाचा नाही’ या एका वाक्यात एकवटतात. लॉज यांच्या संकलनांत पहिला लेख १९७२ च्या ग्रंथात, उरलेले दोन १९८८ च्या ग्रंथात आहेत. त्यामुळे एकच खंड नेमल्यास वाद अर्धाच हाती येतो. व्हिन्सेंट लिच यांच्या संपादनाखालील ‘नॉर्टन’ संकलनात (२००१) तिन्ही लेख आहेत. पण अडीच हजारांहून अधिक पृष्ठांचा तो ग्रंथ वर्गात नेमण्यापेक्षा ग्रंथालयात ठेवणेच योग्य.

४. मराठीचा पक्ष

‘नॉर्टन’ची व्याप्ती मोठी असली, तरी मराठीतील वाद तेथे शोधणे व्यर्थ आहे. गणेश देवी यांच्या ‘इंडियन लिटररी क्रिटिसिझम’ (२००२) या संकलनात भरतांपासून आरंभ करून ज्ञानेश्वर, मर्ढेकर, रा. भा. पाटणकर आणि भालचंद्र नेमाडे यांनाही स्थान आहे. हे त्याचे मोठेच श्रेय होय. मात्र मराठीच्या विद्यार्थ्याने मर्ढेकर इंग्रजी संकलनातून वाचावेत, ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील लयतत्त्वाची मांडणी, ‘सौंदर्यमीमांसा’त (१९७४) पाटणकरांनी केलेली तिची चिकित्सा आणि सौंदर्यसंकल्पनेच्या द्विध्रुवात्मकतेचा सिद्धान्त, तसेच शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मधील आनंदवादी निकषांचा नकार, ही एक सलग वादशृंखला आहे. केवळ मर्ढेकर वाचणाऱ्यास त्यांचे निकष त्रिकालाबाधित वाटतील; केवळ लिंबाळे वाचणाऱ्यास त्यांचा युक्तिवाद घोषणेसारखा भासेल. या शृंखलेआधी महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण नाकारताना लिहिलेले पत्र ठेवले, तर ‘साहित्य कोणाचे?’ हा प्रश्न मराठीत किती जुना आहे हेही ध्यानात येईल. तात्पर्य, कोणाला गाळावयाचे हा प्रश्न केवळ पृष्ठसंख्येचा नाही. ज्याला पूर्वपक्ष म्हणूनही स्थान मिळत नाही, त्याचे म्हणणे अभ्यासविषयातूनच बाद होते.

५. व्यवहार्य सूचना

एकच ग्रंथ सर्व गरजा भागवील, ही अपेक्षा सोडणे इष्ट. देवी यांचे संकलन पाठ्यग्रंथ म्हणून, ‘नॉर्टन’ संदर्भासाठी आणि विभागाने सिद्ध केलेली चारपाच वादांची मराठी वाचनसंहिता, अशी योजना करता येईल. या संहितेसाठी र. पं. कंगले यांचा ‘रसभावविचार’ (१९७३) आणि गो. वि. करंदीकर यांचे ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ (१९५७) हाताशी आहेत. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांचा ‘आधुनिक समीक्षा-सिद्धान्त’ (२००७) विवेचक सोबती म्हणून उपयुक्त आहे. मूळ लेखांना पर्याय म्हणून त्याचा वापर होऊ नये. अध्यापनासाठी वेच्यांच्या छायाप्रती काढण्यास कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात वाव आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले आहे. नवे अनुवाद करून ते प्रसिद्ध करावयाचे असल्यास मात्र हक्कधारकाची अनुमती घ्यावी लागेल.

अखेरीस, प्रश्नपत्रिका बदलल्यावाचून ग्रंथबदल निष्फळ ठरेल. ‘संरचनावादाची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाला सारांश पुरतो. ‘मर्ढेकरांच्या लयतत्त्वावरील पाटणकरांचा आक्षेप मांडा आणि मर्ढेकरांच्या बाजूने त्याचे उत्तर द्या’ या प्रश्नाला दोन्ही ग्रंथ उघडावेच लागतात.