ब्रह्मदेशाचे शेवटचे राजघराणे

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मी तो प्रथम पाहिला तेव्हा सोबत संस्थेचे काही विद्यार्थी होते. त्यातल्या एकाने विचारले, "काका, हा राजा बौद्ध होता ना? मग त्याच्या घराण्याने एवढी युद्धे का केली?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर जे वाचले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यार्थ्यांपुढे ठेवतो.

थिबाच्या घराण्याचे नाव कोनबाउंग. त्याचा मूळ पुरुष राजपुत्र नव्हता, तो मोक्सोबो (आजचे श्वेबो) या गावचा पाटील होता. 1752 साली दक्षिणेतील पेगूच्या मोन लोकांनी आवा ही राजधानी जिंकली. त्यांना शरण जाण्याचे नाकारून या पाटलाने गावाभोवती तटबंदी केली, माणसे जमवली आणि पाच वर्षांत सारा देश ताब्यात घेतला. 1755 मध्ये डगॉन हे गाव जिंकून त्याने त्याचे नाव यांगून ठेवले. याचा अर्थ 'वैर संपले' असा. इंग्रजांनी त्याचेच रंगून केले. स्वतः मात्र त्याने 'अलौंगपाया' हे नाव घेतले. अलौंगपाया म्हणजे भावी बुद्ध, बोधिसत्त्व!

विद्यार्थ्याच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. 1760 मध्ये या 'बोधिसत्त्वा'ने सयामची राजधानी अयुथ्या वेढली. तिथे तो आजारी पडला आणि परतीच्या वाटेवर वारला. त्याचा मुलगा सिनब्युशिन याने ते काम पुरे केले. वर्षाहून अधिक काळ वेढा घालून एप्रिल 1767 मध्ये त्याच्या सैन्याने अयुथ्या जाळली. सयाम हा काही परधर्मीय देश नव्हता. तेही आपल्यासारखेच त्रिशरण म्हणणारे लोक. तरी विहार जळले, ग्रंथ जळले, हजारो माणसे कैद करून नेली. बुद्धमूर्तीवरचे सोने वितळवून नेल्याचे सयामी लोक आजही सांगतात. याच काळात, 1765 ते 1769 या वर्षांत, चीनच्या चार स्वाऱ्याही ब्रह्मी सैन्याने परतवल्या, आणि ती लढाई खरोखर देशरक्षणाची होती. पण सैन्य तिकडे गुंतले आणि सयाम हातचा गेला.

अलौंगपायाचाच दुसरा मुलगा बोदॉपाया (1782–1819). याने 1785 च्या सुमारास आराकान जिंकले आणि तिथली प्रसिद्ध महामुनी बुद्धमूर्ती डोंगर ओलांडून आपल्या अमरपुरा राजधानीत आणली. आज ती मंडालेत पूजली जाते. भगवान बुद्धाची मूर्ती लूट म्हणून आणणे आणि मग तिच्यापुढे हात जोडणे, हे मला अजून पचत नाही. आराकान जिंकल्याचा परिणाम मात्र दूरगामी झाला. तिथून पळालेले लोक इंग्रजांच्या चितगाव भागात शिरले. ब्रह्मी सैन्य त्यांच्या पाठलागावर येऊ लागले आणि सीमेवर रोजचे तंटे सुरू झाले. पुढे बाजीडॉ राजाच्या वेळी मणिपूर आणि आसामही ब्रह्मी फौजांनी तुडवले. मणिपुरी लोक 1819 ते 1826 या काळाला 'सात वर्षांची धूळधाण' म्हणतात. शेजाऱ्यांची राज्ये गिळता गिळता कोनबाउंग राजे इंग्रजांच्या दारात जाऊन पोचले.

1824 ला पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले. या युद्धावर जाण्यास बराकपूरच्या एका हिंदी पलटणीने नकार दिला. सामानाला बैलगाड्या मिळत नव्हत्या, आणि समुद्र ओलांडला तर जात जाईल ही भीती होती. इंग्रजांनी त्यांच्यावर तोफा डागल्या. ब्रह्मी सेनापती महाबंडुला शूर होता, पण तो 1825 मध्ये दनुब्यूला पडला. 1826 च्या यांदाबो तहात आराकान व तेनासरीम गेले, आसाम-मणिपूरवरचा हक्क गेला आणि एक कोट रुपये दंड बसला. 1852 च्या दुसऱ्या युद्धात पेगू आणि रंगून गेले. समुद्रकिनारा उरला नाही.

अशा अर्ध्या उरलेल्या राज्यावर 1853 मध्ये मिंडॉन बसला. या घराण्यातला मला आवडणारा राजा हाच. सावत्र भावाला पदच्युत केले, पण जिवे मारले नाही. मंडाले वसवले, नाणी पाडली, आगबोटी व तारयंत्रे आणली. संपूर्ण तिपिटक 729 संगमरवरी शिलांवर दोन्ही बाजूंनी कोरून घेतले. 1871 मध्ये पाचवी धम्मसंगीती भरवली. तिला 2400 भिक्खू जमले होते. त्याच वर्षी त्याने रंगूनच्या श्वेडगॉनला नवे सुवर्णछत्र पाठवले, पण रंगून इंग्रजांचे, त्यामुळे ते चढवताना त्याला स्वतः हजर राहता आले नाही. याच परंपरेतली सहावी संगीती 1954 मध्ये रंगूनला सुरू झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते.

पण मिंडॉनच्या घरातही रक्त सांडलेच. 1866 मध्ये त्याच्याच मुलांनी त्याच्या भावाचा, म्हणजे युवराजाचा, खून केला. नंतर त्याने वारस नेमलाच नाही. 1878 मध्ये तो वारल्यावर एका राणीने थिबाला पुढे केले. थिबा विहारात शिकलेला, पालीच्या परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण. त्याच्या गादीला धोका नको म्हणून 1879 मध्ये राजवाड्यातील सुमारे ऐंशी नातलगांची कत्तल झाली.

शेवटचे निमित्त आम्हा बँकवाल्यांना चटकन कळेल असे, हिशेबाचे. बॉम्बे बर्मा ही मुंबईत स्थापन झालेली सागवानाची कंपनी. तिने ओंडके कमी दाखवून कर बुडवला, असे म्हणून थिबाच्या मंत्रिमंडळाने तिला सुमारे 23 लाख रुपये दंड केला. फ्रेंचांशी चाललेली बोलणी इंग्रजांना खुपत होतीच. नोव्हेंबर 1885 मध्ये फौज इरावतीतून वर निघाली आणि दोन आठवड्यांत युद्ध संपले. 29 तारखेला थिबा व राणी सुपयालत यांना बोटीवर चढवले. 1 जानेवारी 1886 ला राज्य खालसा झाले. गावोगावचे लोक मात्र पुढे कित्येक वर्षे लढत राहिले.

थिबाला आधी मद्रासला आणि 1886 मध्ये रत्नागिरीला आणले. राजवाडा बांधून झाला 1910 ला. त्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला. डिसेंबर 1916 मध्ये तो वारला. 1919 मध्ये राणीला मायदेशी जाऊ दिले, थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीलाच येऊन राहिली. राजाची समाधी राजवाड्यात नाही, शहरातच दुसरीकडे आहे. 2012 मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थीन सीन तिथे येऊन नतमस्तक झाले. आमची सहल त्या दिवशी राजवाडा पाहूनच परतली होती. पुढच्या वेळी मुलांना समाधीवर न्यायचे आहे.