शाळेच्या संगणकाची स्मृती वाढविताना

मुख्याध्यापक यू-डायसची माहिती भरण्यास बसले आहेत. पडद्यावर एका चौकटीत विद्यार्थ्यांची यादी, दुसरीत हजेरीचा तक्ता आणि तिसरीत तालुक्याहून आलेले पत्र उघडे आहे. कळ दाबावी आणि अक्षर उमटण्याची वाट पाहावी, अशी संगणकाची स्थिती होते. तेवढ्यात कोणी जाणकार सल्ला देतो, "गुरुजी, रॅम वाढवा." हा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो, नेहमीच मात्र नव्हे. शाळेच्या तुटपुंज्या अनुदानातून आणलेली पट्टी यंत्रात बसली नाही, किंवा बसूनही काम पूर्वीइतकेच मंद राहिले, तर तो पैसा गेलाच म्हणावयाचा. म्हणून खरेदीपूर्वी थोडी पाहणी करणे इष्ट होय.

रॅम म्हणजे काय, हे शिक्षकास वर्गातीलच दृष्टान्ताने समजेल. हार्ड डिस्क हे कपाट, तर रॅम हे टेबल होय. कपाटात कितीही वह्या मावोत, तपासण्यासाठी त्या टेबलावरच घ्याव्या लागतात. टेबल लहान असले की एक गठ्ठा कपाटात ठेवून दुसरा आणावा लागतो व तपासण्यापेक्षा उठबसच अधिक होते. संगणकाची स्मृती अपुरी पडली म्हणजे तोही असाच मजकूर डिस्कवर नेतो आणि परत आणतो. ही उठबस म्हणजेच त्याचा मंदपणा.

परंतु टेबल खरोखरच लहान आहे की कपाटाचेच दार अडकते, हे आधी ठरविले पाहिजे. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. नेहमीची सर्व कामे चालू ठेवून त्यातील परफॉर्मन्स या भागात पाहावे. मेमरीचा आकडा सतत शेकडा ८५-९० च्या वर राहत असेल, तर स्मृती वाढविण्यात अर्थ आहे. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र शंभरावर खिळलेली, असे दिसल्यास दोष जुन्या फिरत्या डिस्कचा असण्याचा संभव मोठा. तेथे रॅमचा उपयोग नाही; एसएसडी बसविल्याने जो फरक पडेल तो दुप्पट रॅमनेही पडणार नाही.

दुसरी गोष्ट प्रणालीच्या प्रकाराची. विंडोज ३२ बिटांची असेल तर ती ४ जीबीपलीकडील स्मृती वापरू शकत नाही. अशा यंत्रात ८ जीबी घातली तरी वरची स्मृती पडूनच राहते. आधी ६४ बिटांची प्रणाली घालावी लागते. तसेच विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती लागते हे खरे, तथापि प्रोसेसर व सुरक्षेच्या अटी निराळ्या आहेत. केवळ रॅम वाढविल्याने जुने यंत्र त्या अटींस उतरत नाही.

आता पट्टीची निवड. शाळांतून आढळणाऱ्या यंत्रांत बहुधा डीडीआर३ किंवा डीडीआर४ पट्ट्या असतात; नव्या यंत्रांत डीडीआर५ असते. यांची अदलाबदल होत नाही. डीडीआर३ ला २४० संपर्कबिंदू व १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला २८८ बिंदू व १.२ व्होल्ट, तर डीडीआर५ ला बिंदू २८८ च पण दाब १.१ व्होल्ट. प्रत्येकीची खाच निराळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर ती तेथली नव्हेच. जोर लावल्यास खोबणी मोडते.

जुन्या पट्टीवरील चिठ्ठी वाचणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. 'पीसी३-१२८००यू' असे असल्यास '३' ही पिढी. १२८०० ला ८ ने भागले की १६०० ही गती मिळते, कारण पट्टी एका वेळी ८ बाइट नेते. पीसी४ पट्ट्यांवर पुष्कळदा २४०० अशी गतीच थेट छापलेली असते. शेवटचा 'यू' साध्या संगणकाची पट्टी दाखवितो. त्याजागी 'आर' असेल तर ती सर्व्हरसाठीची पट्टी. जुन्या बाजारात ती स्वस्त मिळते आणि घरगुती यंत्रात चालत नाही. लांबीही पाहावी. नेहमीच्या संगणकाची पट्टी सुमारे १३ सेंटिमीटर असते. पडद्यातच यंत्र असलेल्या काही संगणकांना मात्र लॅपटॉपची, जवळजवळ निम्म्या लांबीची पट्टी लागते.

गतीच्या मोहात पडण्याचे कारण नाही. दोन पट्ट्यांत जी मंद, तिच्याच गतीने दोन्ही चालतात. ४ जीबीची एक पट्टी असून एक खोबण मोकळी असेल, तर तशीच दुसरी घालावी. समान पट्ट्यांची जोडी मदरबोर्डची सोय असल्यास एकत्र काम करते आणि मिळणारी ८ जीबी स्मृती शाळेच्या कामास पुरेशी होते. १६ जीबीचा आग्रह बहुधा दुकानदाराचाच असतो. मदरबोर्ड किती स्मृती स्वीकारतो, हे त्याच्या क्रमांकावरून पाहून घ्यावे. २०२५ च्या उत्तरार्धात पट्ट्यांचे भाव जगभर बरेच चढले. तेव्हा गतवर्षीच्या दरपत्रकावर विसंबू नये.

पट्टी बसविताना वीजजोड काढावा, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावावा व पट्टी कडेने धरावी. (या पेटीलाच 'सीपीयू' म्हणण्याची रीत पडली आहे, खरा सीपीयू आतील लहान चौकोन होय.) खडूच्या धुळीत राहिलेले यंत्र कधी नुसतेच 'बीप' करते आणि सुरू होत नाही. अशा वेळी नवी पट्टी आणण्यापूर्वी जुनीच काढून तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसावे, कण झटकावे आणि पुन्हा बसवावी. कित्येक यंत्रे एवढ्यानेच सुरू होतात.

बसविल्यावर टास्क मॅनेजरमध्ये वाढीव आकडा दिसतो की नाही, हे दुकानदाराच्या माणसासमक्षच पाहावे. पावतीवर पट्टीचा प्रकार, गती व अनुक्रमांक लिहून घ्यावा, तोच डेडस्टॉक रजिस्टरात नोंदवावा आणि काढलेली जुनी पट्टी असल्यास तीही कागदात गुंडाळून, तारीख घालून कपाटात ठेवावी.