शांत भूमीतील साठा : अंदमानचा दाखला

शेषनागाने डोके हलवले की धरणी कापते, असे जुनी माणसे सांगतात. भूशास्त्राचे उत्तर निराळे आहे. पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनलेले असून ते वर्षाला काही सेंटीमीटर सरकत असतात. आपल्या ब्राह्मणपुरीची काळी शेते ज्या भारतीय भूपट्टावर आहेत, त्याचीच पूर्वेकडील सागरी कड अंदमान-निकोबार बेटांखाली शिरत आहे. या क्रियेस अधोगमन म्हणतात. बेटे ज्या लहान पट्टावर आहेत, त्यास बर्मा भूपट्ट असे नाव आहे.

खालचा पट्ट शिरत असता वरच्याचे काय होते? एका गोधडीखाली दुसरी सरकवून पाहावी. वरचीची कड अडकते, खालचीबरोबर आत ओढली जाते आणि मागचा भाग फुगतो. खडकांचेही तसेच होते. घर्षणामुळे पट्ट एकमेकांत अडकून राहतात आणि वरच्या पट्टात शेकडो वर्षे ताण साठत जातो. घर्षणाची मर्यादा संपली की ओढलेली कड एकदम उसळते आणि फुगलेला भाग खचतो.

२६ डिसेंबर २००४ रोजी हेच घडले. भूकंपाची तीव्रता सुमारे ९.१ होती आणि सुमारे १,३०० किलोमीटर लांबीचा सांधा सुटला. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला जाऊन पोवळ्यांचे खडक उघडे पडले. उलट ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट सुमारे चार मीटर खचून दीपगृहाचा पाया समुद्रात गेला. त्सुनामीने एकट्या भारतात दहा हजारांहून अधिक बळी घेतले.

परंतु सगळाच ताण भूकंपात मोकळा होत नाही. खालच्या पट्टावरचा गाळ खरवडला जाऊन कोट्यवधी वर्षांत त्याच्या घड्या रचल्या गेल्या. अंदमानची बेटे बऱ्याच अंशी त्यांचीच आहेत. शिवाय भारतीय पट्ट येथे तिरका शिरत असल्याने वरचा पट्ट उत्तरेकडे ओढला जातो. त्यामुळे बेटांमागील भूमी फाटली आणि गेल्या सुमारे चाळीस लाख वर्षांत अंदमान समुद्रात नवा सागरतळ तयार झाला. म्हणजे एकच पट्ट पुढे दाबला जातो, तर मागे ताणला जातो.

२००७ पासून हैदराबादचे केंद्र त्सुनामीची पूर्वसूचना देते. तरीही किनाऱ्यावर भूकंपानंतर समुद्र अचानक मागे हटला, तर सूचनेची वाट न पाहता उंचावर जावे. भूमी शांत दिसते, तेव्हाच तिच्यात ताण साठत असतो, हे विसरून चालणार नाही.