शेकाला खाडा नको

पोरी, दादाचा किरणांचा शेक (रेडिएशन) लवकरच सुरू होणार ना? तोंडा-घशाच्या कॅन्सरला बहुधा आठवड्याचे पाच दिवस, असे सहा-सात आठवडे शेक देतात. पहिला आठवडा सोपा जातो आणि तू लगेच निर्धास्त होशील, माहितीये मला! खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लागते. म्हणून हा कागद फ्रीजवर चिकटवून ठेव.

१. शेकाआधी दात दाखवून घे, किडके काढायचे ते आधीच काढून जखम भरू दे — शेक लागलेल्या जबड्याची जखम पुढे कित्येक वर्षं नीट भरत नाही.

२. चेहऱ्यावर जाळीचा मास्क घट्ट बसवतात, त्याला दादा घाबरेल. श्वास मोकळा राहतो आणि हात वर केला की मशीन थांबवतात, हे आधीच सांग — बाहेरची माणसं कॅमेऱ्यातून बघतच असतात.

३. लिटरभर कोमट पाण्यात एकेक छोटा चमचा मीठ आणि खायचा सोडा घालून दर दोन तासांनी चूळ. बाजारचं झोंबणारं माउथवॉश नको — चुळीचा आळस घासाला नडतो.

४. खिमट, वरण-भात, शिरा, दूध, अंडं असं मऊ आणि कोमट, थोडं थोडं सहा-सात वेळा दे — चव जाते तेव्हा भूक हाक मारत नाही, घड्याळच मारतं.

५. दुखण्याचं औषध डॉक्टर सांगतील तसं, जेवणाआधी अर्धा तास — घसा शांत असेल तर घास उतरतो.

६. दर सोमवारी त्याच काट्यावर वजन कर — काटा सांगतो ते तोंड सांगत नाही, आणि माणूस वाळला की मास्कही सैल होतो.

७. नाकातून नळी घालायची म्हणाले तर रडायचं नाही. बसवून भरव, नंतर पाण्यानं नळी धू आणि तासभर आडवं होऊ देऊ नकोस — अन्न फुफ्फुसात जायला नको.

८. नळी असली तरी डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज पाण्याचे घोट आणि जबड्याचे व्यायाम चालू ठेव — न वापरलेला घसा आखडतो.

९. मानेला हळद, तेल, बाम, पावडर काही नको, ब्लेडही नको. बिनकॉलरचा जुना सुती सदरा घाल — तिथली कातडी भाजल्यासारखी हळवी होते.

१०. तंबाखू, मिश्री, विडी चिमूटभरही नाही — जखमा चिघळतात, आणि धुरानं तर शेकाचा गुणही कमी होतो.

११. ताप १००.४ च्या वर गेला, रक्त आलं, श्वास अडला किंवा पाणीही गिळेना, तर लगेच दवाखाना — ‘सकाळी बघू’ हा घरचा वैद्य बरा नव्हे.

१२. नातवंडांना खुशाल मांडीवर बसू दे — बाहेरच्या मशीनचे किरण अंगात राहत नाहीत.

१३. परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आधीच चौकशी कर — लांबच्या रोजच्या प्रवासानंच खाडे पडतात.

१४. शेक संपला तरी चूळ आणि पथ्य सोडू नकोस — पुढचे एक-दोन आठवडे त्रास उलट वाढू शकतो.

या सगळ्यामागे एकच हेतू आहे, पोरी: खाडा पडला की रोगाला डोकं वर काढायला उसंत मिळते. त्रास झाला तर डॉक्टरांना, सिस्टरना मोकळेपणानं सांग; पण त्यांनी थांबवल्याशिवाय एकही शेक चुकवू नकोस.