स्क्रब टायफसच्या चिकित्साकाळातील हृद्द्रव : कारणमीमांसा व दक्षता

प्रस्तावना

जंतुजन्य ज्वरात औषध सुरू असताना छातीत धडधड होणे, म्हणजेच हृद्द्रव, या लक्षणाची चर्चा पाश्चात्त्य देशांत मुख्यतः लाइम रोगाच्या संदर्भात होते. गोचिडीच्या दंशाने होणाऱ्या त्या रोगाच्या नोंदी भारतात तुरळक आहेत. आपल्याकडे मात्र हाच प्रश्न स्क्रब टायफसच्या रूपाने उभा राहतो. 2018 च्या पावसाळ्यात विदर्भात या ज्वराचे अनेक रुग्ण आढळले व काही दगावले. धानाच्या बांध्या, धुऱ्यावरील गवत व जंगलालगतची झुडपे असलेल्या गोंदिया जिल्ह्यात वैद्याने या व्याधीविषयी सदैव सावध असावे.

ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जंतू चिगर नावाच्या सूक्ष्म अळीच्या दंशातून शरीरात शिरतो. काख, जांघ, कंबर वा स्तनाखालील भागात सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, तर निदान सुकर होते. मात्र ती प्रत्येक रुग्णात आढळत नाही. प्रौढांत डॉक्सिसायक्लिन 100 मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, साधारण 7 दिवस दिले जाते; गर्भिणीस अॅझिथ्रोमायसिन देतात.

व्यवहारातील अडचण

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण धडधडीची तक्रार करतो. "गोळीने गर्मी चढली" असे समजून तो औषध सोडतो व आपल्याकडे येतो. या क्षणी आपण दिलेला सल्ला निर्णायक ठरतो. औषध अर्धवट सुटल्यास फुप्फुस, वृक्क, मस्तिष्क व हृदय यांवर व्याधीचा आघात होऊ शकतो.

कारणमीमांसा

1. ज्वर व रसक्षय : ताप 1 अंश सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला सुमारे 10 ठोक्यांनी वाढते. वांती, घाम व अल्प आहार यांनी ती आणखी वाढते. पांडू वा सिकलसेलचा रुग्ण असल्यास ही धडधड अधिक जाणवते.

2. हृत्पेशीशोथ : डॉक्सिसायक्लिनने ज्वर बहुधा 48 तासांत उतरतो. ज्वर उतरूनही नाडी जलदच राहिली, धाप लागली वा पायांवर सूज आली, तर हा संशय घ्यावा. लाइम रोगात याउलट हृदयातील विद्युत्वहन अडून नाडी मंद होऊ शकते. म्हणून गतीबरोबर लयही तपासावी.

3. औषधज कारण : अॅझिथ्रोमायसिनने ईसीजीतील क्यूटी काल लांबून घातक लयबिघाड होऊ शकतो. ऑन्डान्सेट्रॉन, लिव्होफ्लॉक्सासिन वा क्लोरोक्विन सोबत असल्यास, तसेच अतिसाराने पोटॅशियम घटल्यास धोका वाढतो.

4. अन्ननलिकादाह : डॉक्सिसायक्लिन कमी पाण्याने घेऊन लगेच आडवे झाल्यास उरात जळजळ होते. रुग्ण तिलाही हृदयाचा त्रास समजतो. गोळी पेलाभर पाण्यासह घेऊन अर्धा तास बसून राहावे.

आपल्या औषधांविषयी दक्षता

त्रिभुवनकीर्ती, मृत्युंजय व आनंदभैरव हे ज्वरात नित्य वापरले जाणारे रस वत्सनाभयुक्त आहेत. त्रिभुवनकीर्तीस धत्तुराची भावनाही असते. वत्सनाभातील अॅकोनिटिन हृदयाची लय बिघडवते, तर धत्तुर नाडीची गती वाढवतो. शोधनाने विषत्व घटते, तथापि शोधन अपुरे असल्यास वा मात्रा वाढल्यास धोका राहतोच. ओठ-जिभेला झिणझिण्या, वांती व अनियमित नाडी ही त्याची चिन्हे होत. हृद्द्रव असलेल्या रुग्णास हे कल्प देऊ नयेत. सुरू असल्यास थांबवावेत.

गोदंती, प्रवाळ व शंख या भस्मांतील कॅल्शियम आणि मंडूर व लोहभस्मातील लोह डॉक्सिसायक्लिनचे शोषण घटवतात. कॅल्शियमयुक्त कल्प व अर्जुनक्षीरपाक यांत निदान 2 ते 3 तासांचे अंतर ठेवावे. लोहकल्प चिकित्सा पूर्ण होईपर्यंत थांबवणेच इष्ट. अर्जुन हृद्य आहे हे खरे, पण तीव्र हृत्पेशीशोथात केवळ त्यावर विसंबून कालहरण करू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनी लेबल पाहावे. अनुसूची ई(1) मधील विषद्रव्ये असलेल्या, पोटात घ्यावयाच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे नियम 161 नुसार बंधनकारक आहे. "तापाची गोळी द्या" एवढ्यावर असा कल्प देऊ नये. रुग्ण अन्य कोणती औषधे घेतो, हे आधी विचारावे.

चिकित्सा व संदर्भन

नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. रक्तदाब, श्वासगती व जिभेचा ओलावा पाहावा. लक्षणे सौम्य असल्यास पेया, षडंगोदक व विश्रांती यांची योजना करून त्याच दिवशी पुन्हा तपासावे आणि डॉक्सिसायक्लिन चालू ठेवण्यास सांगावे. विश्रांत स्थितीत नाडी 120 हून अधिक, 50 हून कमी वा अनियमित असल्यास, वरचा रक्तदाब 90 हून कमी असल्यास, तसेच मूर्च्छा, उरःशूल, धाप वा भ्रम असल्यास ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. चिठ्ठीवर आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव व मात्रा लिहावी.

उपसंहार

चरकाचार्यांनी हृदयाची गणना त्रिमर्मांत केली आहे. ज्वरात मर्म व्यथित झाल्याची तक्रार आली, की आधी कारण शोधावे व मगच औषध योजावे. सालेकसा-देवरीच्या दूरच्या गावात रुग्ण प्रथम आपल्यालाच विचारतो. तेथे वैद्याने मोजलेले एक मिनिट रुग्णाचे प्राण राखू शकते.