जुनी आज्ञावली, नवा अग्निबाण

एका यंत्राचा भाग काढून दुसऱ्या यंत्रात बसवावयाचा असल्यास कारागीर प्रथम त्याचे माप घेतो. संगणकाच्या आज्ञावलीचा एखादा घटक जुन्या कामातून नव्या कामात नेतानाही माप घ्यावे लागते. परंतु ते डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण होय. तिची किंमत ४ जून १९९६ रोजी कळून आली.

त्या दिवशी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामधील कुरू येथून ‘एरियान ५’ हा युरोपचा अग्निबाण प्रथमच झेपावला. त्यावर ‘क्लस्टर’ नावाचे चार वैज्ञानिक उपग्रह होते. सुमारे ४० सेकंदांत, ३,७०० मीटर उंचीवर, तो एकाएकी वळला, मोडला व स्फोट पावून नष्ट झाला.

चौकशी मंडळाला दोष सापडला तो दिशादर्शक यंत्रणेत. तिची आज्ञावली १९८८ पासून यशस्वीपणे उडत असलेल्या ‘एरियान ४’ वरून बव्हंशी जशीच्या तशी घेतली होती. तीत आडव्या वेगाशी निगडित अशी एक ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जाई. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. जुन्या अग्निबाणाच्या मार्गात ती मर्यादा कधी ओलांडली गेली नव्हती. नव्याचा आडवा वेग मात्र फार लवकर वाढे. संख्या मावेना, तेव्हा यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने ती क्षणभर आधीच बंद पडली होती. बंद पडताना धाडलेली दोषसूचक माहिती मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि अग्निबाणाची नळकांडी भलतीकडे वळवली.

विशेष खेदाची गोष्ट ही की, एरियान ५ ला उड्डाणानंतर त्या गणिताचा काहीच उपयोग नव्हता. जुन्या अग्निबाणाच्या सोयीसाठी ते काही काळ चालू ठेवलेले होते, ते तसेच राहिले.

धोक्याच्या सात राशींपैकी चार राशींना संरक्षण दिलेले होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांपलीकडे जाऊ नये म्हणून उरलेल्या तीन विचारपूर्वक सोडल्या होत्या. एरियान ४ पुरता तो विचार योग्यच होता; परंतु त्याचे कारण आज्ञावलीच्या मजकुरात नोंदलेले नव्हते. आज्ञा नव्या घरी आल्या, कारण जुन्या घरीच राहिले.

अशी लपलेली गृहीते शोधण्याचा एक उपाय म्हणजे आज्ञावली न चालवता तिचे पृथक्करण करणे. प्रत्येक राशीची लहानात लहान व मोठ्यात मोठी किंमत धरून ती आज्ञेमागून आज्ञा पुढे नेली जाते. समजा, एक राशी ० ते २०० यांमध्ये आहे व तिला १०० ने गुणावयाचे आहे; उत्तर फार तर २०,००० येईल, ते मावते. तीच राशी नव्या कामात ४०० पर्यंत जात असेल, तर ४०,००० मावणार नाहीत, हे उड्डाणाआधीच कागदावर कळते. चाचणीत घातलेल्या तेवढ्याच किमती तपासल्या जातात. येथे सर्व किमती एकदम तपासल्या जातात. मात्र ही रीत सावधपणाने अंदाज फुगवते, त्यामुळे कधी नसलेला धोकाही दाखवते. तेथे मनुष्याच्या निर्णयावाचून गत्यंतर नाही.

दोष दिसल्यावर परिवर्तन करावयाचे. संख्या मर्यादेबाहेर गेल्यास यंत्रणा बंद न करता मर्यादेचीच किंमत द्यावी, असा पहारा बसवता येतो. परंतु प्रत्येक पहाऱ्यास वेळ लागतो. निरुपयोगी भाग वगळणे अधिक सोपे. चौकशी मंडळानेही ते गणित उड्डाण होताच थांबवावे, अशी शिफारस केली. बदलानंतर उरलेल्या आज्ञा पूर्वीप्रमाणेच वागतात, हे मात्र पुन्हा सिद्ध करावे लागते. हेच काम सर्वांत किचकट.

पुढील उड्डाणापूर्वी एरियान ५ ची आज्ञावली अशाच पृथक्करणाच्या साधनाने तपासण्यात आली. ते उड्डाण ऑक्टोबर १९९७ मध्ये झाले. नव्याने बांधलेले क्लस्टर उपग्रह २००० साली बैकानूर येथून रशियन सोयूझ अग्निबाणांनी दोन-दोन करून अवकाशात गेले.